फिल्टर बदलण्याची चौथी पायरी

२ मार्च, रविवार
काल चाकूरहून येताना मोटरसायकलचा आवाज जड वाटला. मीटर बघितला तर तेलाची वेळ कधीच टळून गेलेली. तेल आणि फिल्टर, दोन्ही. मागच्या खेपेला गॅरेजात दिली होती. त्या बाबानं जुनाच फिल्टर पुसून बसवला आणि वर "म्याडम, तुम्हाला काय कळतंय" असं तोंड केलं. आता घरीच करणार. कृषी सहायक आहे मी. गावोगाव फवारणीचे पंप उघडून दाखवते, फिल्टर काय चीज आहे?

सासूबाईंना विचारलं. विचारावंच लागतं, अंगण त्यांचं. शहाबादी फरशी रोज स्वतः पुसतात, धुण्याभांड्याच्या रेणुकालाही हात लावू देत नाहीत. म्हणाल्या, "कर की. पर तेलाचा येक थेंब फरशीवर दिसला, तर गाडी बापाकडं धाडायची. कबूल?"
"कबूल," म्हटलं. ताठ मानेनं.
ब. पेपर वाचत होते. (नवऱ्याचं अख्खं नाव घेऊ नये असं आईनं शिकवलं, ते तेवढं वहीतही पाळते.) आईच्या आणि बायकोच्या मध्ये ते कायम पेपर वाचत असतात.

८ मार्च, शनिवार
माहेरी उमरीला अप्पांना फोन केला. खूश. "तू सोता करून राहिलीस? मंग लिहून घे." काचबिंदूनं त्यांची नजर गेली तेव्हा गाडी मला दिली, जीव मात्र अजून तिच्यातच. त्यांच्याच शब्दांत:
१) पाच मिनिटं चालू ठेव. तेल कोमट पाहिजे, कढत नको. २) खाली पसरट घमेलं. ३) तळाचा नट काढ, तेल जाऊ दे. ४) चहा पी. ५) मग फिल्टरचं झाकण. बोल्ट तीन. खालचे दोन आधी सैल, वरचा शेवटी. झाकणाखाली दुधाची पिशवी कापून पन्हाळीसारखी खोच. ६) नवा फिल्टर, वर नवं रबरी कडं बोटानं तेल लावून बसव, नट आवळ, नवं तेल भर. ७) दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाखाली जमिनीवर तळहात फिरव. कोरडा निघाला तर काम झालं.

चौथ्या पायरीला मी हसले. अप्पांना कशातही चहा लागतो. जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, बैलाला सुई टोचली की चहा.

९ मार्च, रविवार
लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते.

सासूबाई मठात प्रवचनाला गेल्या, तासाभरात येणार होत्या. त्या यायच्या आत सगळं चकाचक करून दाखवायचं, हा माझा हट्ट. खाली चादरीवर त्यांच्या कुरडया वाळत होत्या. तिसऱ्या पायरीपर्यंत झकास. घड्याळ बघितलं, अर्धा तास उरलेला. चहा गाळला. तिन्ही बोल्ट सटासट काढले, पिशवी खोचायची तशीच राहिली. झाकण सुटलं आणि तेल भसकन बाहेर. सायलेन्सरवर धूर, तिथून घमेल्याबाहेर फरशीवर. अंगणाचा उतार कुरडयांकडे. ओघळ निघाला सरळ चादरीच्या दिशेनं. मी दोरीवर हात टाकला, लागलं ते फडकं ओढलं आणि बांध घातला.

तेल अडलं. कुरडया वाचल्या. मग फडक्याकडे लक्ष गेलं. पांढरं, चौकोनी, कडेला हातशिलाई. सासूबाईंच्या इष्टलिंगाचं वस्त्र. रोज सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा करतात आणि अशाच वस्त्रात गुंडाळून गळ्यात बांधतात.

मीही लिंगायताचीच लेक, मला कुणी समजावून सांगायला नको.

बंबाची राख टाकली, घासलं, साबण, परत राख. डाग फिकटला, गेला नाही. घाईघाईत फिल्टर, कडं बसवून तेल भरलं, गाडी डागावर उभी केली. वस्त्र गाडीच्या बाजूच्या पेटीत कोंबलं. सासूबाई आल्या, फरशीकडे बघितलं. "बरं केलंस," म्हणाल्या.
मग अप्पांचा फोन. "सांडलं का?"
"न्हाई, अप्पा."
"चहा प्यालीस?"
"हो."
एका दमात दोन थापा.

१० मार्च, सोमवार
सकाळी तळहात फिरवला. काळा. घाईत कडं नीट बसलेलं नाही, थेंब थेंब गळतंय. खाली पुठ्ठा सारला.
सासूबाई दोरीपाशी. "माझं वस्त्र कुठं गेलं गं?"
"वाऱ्यानं उडालं असेल, आत्या."
वारा नावालाही नव्हता.

१४ मार्च, धुळवड
नवी अडचण अशी की मी चाकूरला गेले की डाग उघडा पडतो. म्हणून गाडी काढली की त्या जागी कोरफडीची कुंडी सरकवते. परत आले की कुंडी भिंतीला, गाडी डागावर.
आज सासूबाई म्हणाल्या, "ही कुंडी कामून फिरून राहिली? सकाळी हितं, संध्याकाळी तितं."
"कोरफडीला ऊन लागतं, आत्या."
"पाच वर्सं भिंतीलाच हाय ती."
ब. खोकले. त्यांना सगळं माहीत आहे. सांगणार नाहीत, वाचवणारही नाहीत.

१८ मार्च, मंगळवार
वस्त्राचा शोध चालूच. गच्ची झाली, शेजारचं अंगण झालं. त्यांच्याकडे आणखी तीन आहेत, पण हे त्यांच्या आईनं निलंग्याला बसून स्वतःच्या हातानं शिवलेलं. आई जाऊन वीस वर्षं झाली. आज जेवताना सांगितलं, मला माहीत नव्हतं. गाडी माझ्या माहेरची, वस्त्र त्यांच्या माहेरचं, आणि सध्या एक दुसऱ्याच्या पेटीत बसून चाकूर तालुका फिरतंय.

२३ मार्च, रविवार
आज वाईट झालं. सासूबाई रेणुकासमोरच म्हणाल्या, "दोरीवरच्या कापडाला धुणंवालीबिगर कोण हात लावतंय?" पुढे काही नाही. पण रेणुका काय समजायचं ते समजली. मोरीत मला हळूच म्हणाली, "वैनी, म्या देवाचं कापड नेऊन काय करू?"
मी तिथंच उभी. तोंड उघडलं नाही.
गाडी जाईल म्हणून. स्वतःची किळस आली.

२६ मार्च, बुधवार
संध्याकाळी आले तर भांडी तशीच पडलेली. सासूबाई म्हणाल्या, "रेणुकाला नको येऊ म्हून सांगितलं."
पेटी उघडली. वस्त्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं. कुंडी सरकवून डाग दाखवला. सगळं सांगितलं, प्रवचनापासून.
त्यांनी वस्त्र डाव्या तळहातावर पसरलं, पूजेला पसरतात तसं. डागावरून बोट फिरवलं. मग,
"थेंबाचं न्हाई गं. कापडाचंबी न्हाई. रेणुकावर आलं, ते तू तीन दिस बघत ऱ्हायलीस."
चपला घालून निघाल्या. मी मागोमाग. नको म्हणाल्या नाहीत. रेणुकाच्या दारात त्यांनी हात जोडले, मीही जोडले. रेणुका त्यांना म्हणाली, "मावशी, हात कामून जोडता, उद्या येते." माझ्याकडे बघितलं नाही.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. पुरणपोळी. रेणुकाला साडी. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. सासूबाईही तशाच. गाडीचं नाव कोणी काढत नाही.
ब. म्हणाले, "आई विसरली असेल. तू कशाला आठवण करतीस?"
म्हटलं, "कबूल मी झाले होते, तुम्ही नव्हे."
उद्या ईदची सुट्टी, परवाची रजा टाकली. गाडी उमरीला ठेवून बसनं परत. सासूबाईंना सांगितलं. "बरं," एवढंच. ठरलं होतं त्यालाच त्या बरं म्हणाल्या, तरी लागलं. निदान एकदा राहू दे म्हणतील, असं कुठंतरी वाटत होतं.

३१ मार्च, सोमवार, उमरी
पहाटे निघताना ओट्यावर दशम्यांची पुरचुंडी दिसली. ठेवणारं माणूस पूजेला बसलेलं.
चाकूर, अहमदपूर, लोहा. रस्ता मोकळा. नांदेडात ईदचे नवे कपडे घातलेली पोरं एकेका स्कूटरवर चार-चार. लोह्याच्या अलीकडे दशमी खाल्ली, गाडीला टेकून. शेवटचंच टेकणं म्हणून जरा जास्त वेळ टेकले.
अप्पा दारात उभे होते. मी गाडी बंद करायच्या आत म्हणाले, "झाकणातून गळून राहिली."
"कसं कळलं?"
"वास येतो की. सायलेन्सरवर तेल जळतंय. तू तर म्हनलीस सांडलं न्हाई."
सांगितलं सगळं. दोन्ही थापांसकट, रेणुकासकट. ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न.
"चहा प्याली नव्हतीस?"
"नाही."
"माय, तो चहा माझ्या जिभेसाठी न्हाई. नट काढला तरी फिल्टरच्या घरातलं तेल लगेच उतरत न्हाई. वीस मिनिटं लागतात. मानूस नुसता बसत न्हाई, हात शिवशिवतात त्याचे. म्हून चहा."
इतकी वर्षं त्यांना चहाबाज म्हणून हसत आले.

दुपारी बाजारातून नवं कडं आणलं. घमेलं घासून पुसून घेतलं, तेल परत घालायचं होतं म्हणून. अप्पा स्टुलावर, एक हात इंजिनावर. नट काढला. आईनं चहा दिला. बसलो. घमेल्यात आधी धार, मग थेंब, मग थेंबांतलं अंतर वाढत गेलं. अप्पा ते कानानं मोजत होते. "आता." खालचे दोन सैल, पिशवी खोचली, वरचा शेवटी. झाकण हातात आलं आणि पिशवीवरून चमचाभर तेल गुपचूप घमेल्यात उतरलं.
जमिनीवर थेंब नाही.
अप्पा म्हणाले, "हितं सांडलं असतं तरी मातीनं गिळलं असतं. शहाबादी गिळत न्हाई." मग पहिल्यांदा हसले.

१ एप्रिल, मंगळवार, उमरी
सकाळी अंगणात बघते तर अप्पा गाडीपाशी उकिडवे. इंजिनाखाली तळहात फिरवत होते, सावकाश, कडेपर्यंत. मग हात माझ्याकडे केला. त्यांना दिसत नाही, म्हणून मी बघायचं.
"कोरडा हाय का?"
"कोरडा आहे, अप्पा."
"मंग झालं." हात तरी खाली घेतला नाही लगेच.

नऊला सासूबाईंचा फोन. त्या मला फोन करत नाहीत, ब.ला करतात.
"ते वस्त्र सोड्यात घातलंय. दोन पाणी काढले. पिवळं ऱ्हायलंय."
"निघेल, आत्या."
"बघू." पलीकडे भांड्यांचा आवाज, म्हणजे रेणुका आलेली. फोन ठेवला की काय असं वाटलं, तोच म्हणाल्या,
"ती कोरफडीची कुंडी मधीच हाय. तितंच ठिवू का भिंतीला सरकवू?"
"सांगते," म्हटलं.
"सांग. मला फरशी पुसायचीय."

बस अकराला. गाडीची चावी भिंतीतल्या देवळीत आहे. अप्पांना फोनचं सांगितलं, कुंडी सरकली की गाडीची जागा मोकळी होते हेही. म्हणाले, "गाडी हितं ऱ्हायली तर माझ्या कानाला बरं. पर माझ्या कानाकडं बघून ठरवू नको." रेणुका अजून माझ्याकडे बघत नाही, तेही डोक्यातून जात नाही. कुंडी सरकवून ते सरकणार नाही.
उठून देवळीपर्यंत गेले. अप्पांनी पावलं ऐकली.
"बस गं. आधी चहा पी."
आईनं कप पुढ्यात ठेवलाय. बसले आहे. या खेपेला पायरी गाळणार नाही.