गालावर खूण असलेला डॉलर

मी, रॉयस वेंडेल टॅगार्ट, वय वर्षे तेवीस, धंदा चांदीचे जुने डॉलर पारखणे, त्यांचे फोटो काढणे व विकणे (गेल्या महिन्यापर्यंत), राहणार मिसेस डोरीन पफ यांच्या घराची मागची खोली, कार्सन सिटी, नेवाडा, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. ते गरम आहे असे लोक म्हणतात. गरम असणे आणि ठिकाणावर नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी दारू प्यायलेलो नाही, मला कुणी धमकावलेले नाही, आणि हे सर्व मी माझ्याच हाताने लिहीत आहे.

लिहिण्याचे कारण असे. सोमवारपासून मी डोंगरातले वणवे विझवणाऱ्या तुकडीबरोबर निघतो आहे, तो ऑक्टोबरपर्यंत. तुकडीच्या कप्तान टेरेसा ओखोआ नव्या भरतीला म्हणाल्या, "पोरांनो, सोमवारी येताना बूट आणायचे, टोपी आणायची आणि मृत्युपत्र करून यायचं. बूट नसतील तर मी देईन. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." सगळे हसले. घरी जाऊन लिहायला मी एकटाच बसलो असेन.

कलम १. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या तोंडून कधी तसे काही निघाले असल्यास ते रागात निघाले होते व ते रद्द समजावे.

कलम २. माझे शरीर सापडल्यास साधेपणाने पुरावे. जुन्या पद्धतीप्रमाणे डोळ्यांवर चांदीचे डॉलर ठेवू नयेत. कातडीचे तेल लागून नाण्यावर डाग पडतो आणि तो निघत नाही. ठेवायचेच झाल्यास पाव डॉलरची साधी नाणी ठेवावीत.

कलम ३. माझा ट्रक, बँकेत जे काही असेल ते, आणि या कागदात ज्याचा उल्लेख राहून गेला ते सर्व माझी मोठी बहीण कोरीन, राहणार फॅलन, हिला मिळावे. सर्व व्यवस्थाही तिनेच पाहावी. ट्रकचे डावे दार आतून उघडत नाही. खाणीच्या शिक्षणाचे कॉलेज मी मध्येच सोडले तेव्हा कोरीनने मला एकच प्रश्न विचारला होता, "मुलगी कोण आहे?" मी मुलगी वगैरे कुणी नाही असे सांगितले. ती म्हणाली, "बरं. तिला जेवायला घेऊन ये." ते जमले नाही.

कलम ४. झुलती खुर्ची मिसेस डोरीन पफ यांना. त्या रोज संध्याकाळी वारा सुटला की "तुझी खिडकी आपटतेय" असे सांगायला येतात आणि त्याच खुर्चीत बसतात. खिडकी आपटत नाही. हे मी त्यांना कधी सांगितले नाही, कारण दिवसभरात माझ्याशी तेवढेच कुणी बोलते.

कलम ५. फोटोचे दोन दिवे व कॅमेऱ्याची घोडी लायल ब्रॅडिग, नाण्यांचे दुकानदार, यांना. हे प्रेमापोटी देत नसून त्यांनी ते नीट वापरावेत म्हणून देतो आहे. नाणे घड्याळाची तबकडी धरून एक दिवा दहाच्या आकड्याकडे व एक दोनच्या आकड्याकडे ठेवावा, कॅमेरा बरोबर डोक्यावर असावा, आणि जी खूण असेल ती दिसावी.

गेल्या महिन्यात काय झाले ते येथे नोंदवतो. एका डॉलरचा फोटो चालू होता. लायल मागे येऊन म्हणाले, "प्रोफेसर, डावा दिवा जरा खाली घे. मॅडमच्या गालावर उजेड नको." डॉलरवर स्वातंत्र्यदेवीचा चेहरा असतो, दुकानात आम्ही तिला मॅडम म्हणतो.

मी म्हणालो, "गालावर खूण आहे."

"आहेच की. मी कुठे नाही म्हणतोय? गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगू."

"विचारायला आधी दिसायला हवी."

"तू नाणी विकायला बसलायस का पापं कबूल करायला?"

यावर मी भिंग रस्त्यावर फेकले. भिंग फुटले नाही, हा भिंगाचा चांगुलपणा. पगाराच्या बदल्यात मी तोच डॉलर उचलला आणि बाहेर पडलो. लायल यांनी मला अडवले नाही, हे मान्य केले पाहिजे. ते फक्त म्हणाले, "कडेने धर रे." मी कडेनेच धरला होता.

कलम ६. माझ्या संगणकात काही हजार नाण्यांचे फोटो आहेत, ते मुळात दुकानाचेच असल्याने दुकानाला परत करावेत. त्यांत काही बिघडलेले फोटो आहेत. नाणे ठेवणाऱ्या व्यक्तीने हात वेळेवर मागे न घेतल्यामुळे चौकटीत दोन बोटे आलेली आहेत. असे फोटो त्याच दिवशी पुसायचे असतात. मी पुसलेले नाहीत. माझ्या पश्चात ते पुसावेत. किंवा राहू द्यावेत, ते कुणाला काय करतात?

कलम ७. वर सांगितलेला डॉलर, सन १८८३, याच गावच्या टांकसाळीत पाडलेला, मायालेन इत्चार्ट हिला मिळावा. बोटे तिचीच.

मायालेन ही गार्डनरव्हिलच्या, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरून पूर्वी इकडे आलेल्या बास्क मेंढपाळांच्या घरातली. मी तिला पहिल्यांदा रीनोच्या नाण्यांच्या बाजारात पाहिले. ती एक डॉलर कडेने धरून दिव्याखाली हळूहळू कलवत होती. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचा एक पट्टा असा फिरतो की चाकाचा आरा फिरावा. तो पट्टा फोटोत कधीच येत नाही, त्यासाठी नाणे हातातच घ्यावे लागते. ती लायलकडे काम करते असे समजले. कॉलेजच्या पुढच्या सत्रापासून मीही लायलकडे होतो.

आमची पद्धत अशी. नाण्याला सत्तरपैकी गुण द्यायचे. सत्तर कुणाला मिळत नाहीत. दोघांनी खिडकीपाशी आधी नुसत्या डोळ्यांनी पाहायचे, मग भिंगाने, आणि एकमेकांशी न बोलता चिठ्ठीवर आकडा लिहून चिठ्ठ्या एकदम उलटायच्या. आमचा आकडा नेहमी एकच यायचा. लायल म्हणायचे, "एकाच पगारात काम होईल माझं." या १८८३च्या डॉलरला मात्र मी चौसष्ट दिले आणि तिने त्रेसष्ट. तिचे म्हणणे, गालावरची खूण भिंगाशिवाय दिसते. माझे म्हणणे, ती पोत्यातली खूण आहे, नाण्याने काही केलेले नाही. हे डॉलर कापडी पोत्यांत भरून तिजोरीत वर्षानुवर्षे पडून होते. शेजारच्या नाण्याची कड लागली की खूण पडते. ज्याला कुणीच लागले नाही त्याचा गाल कोरा राहतो.

त्या उन्हाळ्यात तिच्या लोकांची वार्षिक सहल होती. ती तांबडा रुमाल बांधून आली आणि मला विचारले, "कशी दिसते?" मी सवयीप्रमाणे आधी नुसत्या डोळ्यांनी पाहिले आणि म्हणालो, "चौसष्ट."

चौसष्ट हा फार मोठा आकडा आहे. पासष्ट मी उभ्या आयुष्यात मोजक्या नाण्यांना दिले असतील. हे तिला माहीत होते. ती म्हणाली, "सहा कुठे कापलेस?"

मी म्हणालो, "चिडलीस की कपाळावर एक आठी पडते, तिचे."

आठी तेव्हाच पडली. "म्हणजे मी आणि तो पोत्यातला डॉलर सारखेच."

"मला तो आवडतो," मी म्हणालो. हे मी अगदी मनापासून म्हणालो होतो. तोवर ती भाजलेल्या कोकराच्या जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती.

फेब्रुवारीत ती कॅलिफोर्नियात, नाणी पारखून प्लॅस्टिकमध्ये बंद करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला गेली. मी तिला थांब म्हणालो नाही. म्हणायला हवे होते की नाही याचा निवाडा या कागदात होण्यासारखा नाही.

अट एकच. तिने हे नाणे प्लॅस्टिकमध्ये बंद करू नये. अधूनमधून खिडकीपाशी नेऊन कलवावे.

कलम ८. साक्षीदार. येथे अडचण आली. ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये, सही केल्यास त्याचा वाटा जातो, असे कप्तानबाईंनी बजावले आहे. त्या स्वतः तुकडीतल्या कुणाच्याही कागदावर सही करत नाहीत, त्यांचा तसा नेम आहे. दोन साक्षीदार हवेत. मी शनिवारी दुपारभर विचार केला. ज्यांना मी ओळखतो ती सगळी माणसे वर येऊन गेली आहेत. उरलेल्या गावाला माझे नाव माहीत नाही.

दुरुस्ती, रविवार.

मिसेस पफ यांना विचारले. त्या म्हणाल्या, "सही करते की. पण खुर्ची जाणार असेल तर नाही हं, रॉयस. खुर्ची चांगली आहे." कलम ४ कायम.

मग दुकानात गेलो. लायल यांनी चष्मा लावून कलम ५ वाचले आणि म्हणाले, "माझ्या नावावरचे दिवे काढून टाक. मी सही करतो."

"दिवे चांगले आहेत."

"मला सांगतोस? मीच आणून दिले होते तुला." सबब कलम ५ रद्द. दिवे व घोडी कोरीनला. ती त्यांचे काय करील देव जाणे.

दुसरी सही कुणाची, असे मी विचारेपर्यंत लायल आत जाऊन फोन करून आले होते. मायालेन आजोबांच्या वाढदिवसासाठी गार्डनरव्हिलला आलेली आहे, हे त्यांना माहीत होते. मला माहीत नव्हते.

ती आली. हे सगळे तिने उभ्यानेच, पहिल्या ओळीपासून वाचले, कागद दोन्ही कडांना धरून. मग म्हणाली, "पेन दे."

मी म्हणालो, "तुला सही करता येणार नाही. कलम सात."

"वाचलं मी."

"सही केलीस तर नाणं तुला मिळणार नाही."

"मेलेल्या माणसाकडून नाणं घेत नाही मी. खिडकीपाशी नेऊन कुणाबरोबर बघू ते? लायलबरोबर?"

"मी इथेच उभा आहे, बाई," लायल म्हणाले.

"ऑक्टोबरमध्ये ये आणि हातात दे. आणि त्रेसष्टच आहे ते."

"चौसष्ट."

"त्रेसष्ट." कपाळावर आठी पडली. मी कागदाच्या तळाशी दोघांसमोर सही केली, मग लायल यांनी आणि तिने केली; मधल्या कोऱ्या जागेत हे मी मागाहून भरतो आहे. घरची माणसे जेवायला खोळंबली होती, म्हणून ती लगेच निघाली. तिची गाडी वळेपर्यंत मी दुकानाच्या दारात होतो. नंतरही काही वेळ होतो.

सबब कलम ७ रद्द. सन १८८३चा डॉलर आता या कागदाने कुणाकडेच जात नाही. कोरीन, कलम ३ मधल्या "सर्व" या शब्दात तो धरू नकोस. तो लायल यांच्या तिजोरीत राहील. तो कुणाला द्यायचा झाल्यास मला स्वतः परत यावे लागेल, हे पूर्ण समजूनच मी खाली सही केली आहे.

रॉयस वेंडेल टॅगार्ट
कार्सन सिटी, नेवाडा
रविवार, १० जून २०१२

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली व आम्ही एकमेकांसमोर सह्या केल्या:

१. लायल ब्रॅडिग, दुकानदार, कार्सन सिटी. यांना या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

२. मायालेन इत्चार्ट, नाणेपारखी, सध्या मुक्काम गार्डनरव्हिल. यांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही.