काकांचं डोमेन, माझे नेमसर्व्हर

वरसे (रोहा), मंगळवार संध्याकाळ

पेणच्या मूर्तिकार काकांची साईट मी सांभाळते; ती दुपारपासून बंद आहे आणि मीच पाडली. साईट कुठे आहे ते सांगणाऱ्या नेमसर्व्हरवर होस्टिंग कंपनीऐवजी माझ्या डोमेनचं नाव हवं होतं. त्यासाठी त्या नेमसर्व्हरचे आयपी पत्ते आधी रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे, नोंदवावे लागतात. मी ते न करताच काकांचं डोमेन त्या नेमसर्व्हरकडे वळवलं. म्हणजे माझ्या घराचा पत्ता विचारायलाही माझ्याच घरी यायचं. घाई कसली होती? नाव दिसण्याची?

नोंद आता केली आहे, पण जुनं चुकीचं उत्तर ठिकठिकाणच्या सर्व्हरवर साठून राहिलंय; ते पुसेपर्यंत तिथे साईटही नाही आणि मेलही नाही. आणि दुबईच्या मंडळाची मूर्तींची ऑर्डर आजच त्याच डोमेनच्या मेलवर यायची होती. ती आली नाही, तर दुबईचा कंटेनर काकांच्या मूर्तींशिवाय जाणार.

मूर्तीचे डोळे आखताना काका फोनला हात लावत नाहीत. आज त्यांनी स्वतःच मला फोन केला.

"माझ्याकडे उघडतेय, काका."

"रोह्यात उघडून काय करू गो? दुबईत उघडाय पायजे. कंपनीचाच घोळ ना?"

"बघते," मी म्हणाले. तेव्हाच 'नाही' का म्हटलं नाही?

डोळे आखणं सोडून फोन. तेच डोक्यात फिरत राहिलं.

शेवटी दुबईला मीच फोन लावला. चूक माझी आहे असं सांगून ऑर्डर काकांच्या मोबाईलवर पाठवायला सांगितली. मग काकांनाही खरं सांगितलं.

"ऑर्डर नाय आली, तर कारखान्यात ये. कामगारांना तूच सांग."

येईन, मी म्हणाले. ऑर्डरचं अजून काही कळलेलं नाही.