कार्ला फाट्यावरची तेरा मिनिटं

ती. गेणूमामांना समर्थचा वाकून नमस्कार (तुमचा हात पोचणार नाही इतक्या लांबून). मामींच्या गुडघ्याला उतार पडला का? गाय व्याली का? इकडं माझं बरं आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही आधी मी सोडलेल्या कॉलेजचं काढता, मग मी तापतो, मग तुम्ही फोन आपटता.

तर मामा, मी उर्श्याच्या एका गोदामाचा टेम्पो चालवतो, कार्ला-लोणावळ्याच्या हॉटेलांना किराणा पोचवतो. आता गोदाम म्हणजे कानाला पेन लावलेला मुनीम नव्हे. हॉटेलात तेल किती उरलं ते आचाऱ्याच्या आधी आमच्या कॉम्प्युटरला कळतं, आणि प्रत्येक टेम्पो म्हणजे पडद्यावर एक हिरवा ठिपका. ठिपका बारा मिनिटं हलला नाही की लाल होतो, आणि कंट्रोल रूममधल्या मुलीनं ड्रायव्हरला फोन करायचा असा नियम. ती मुलगी तळेगावची प्रतीक्षा. कार्ला फाट्यावर माझं चाक पंक्चर झालं तेव्हा तिचा पहिला फोन आला. "दादा, गाडी का थांबली?" आवाज असा, की मी पंक्चरवाल्याला म्हटलं, सावकाश काढ. ('दादा' तेवढं मी ऐकलंच नाही.)

दुसऱ्या दिवसापासून चाक धडधाकट असून मी फाट्यावर रोज तेरा मिनिटं थांबू लागलो. कधी सांगायचो म्हशी आडव्या आल्या, कधी वरात (तीही पौषात). महिनाभरात कॉम्प्युटर स्वतःच शिकला (तो माझ्यासारखं अर्ध्यात सोडत नाही) की कार्ल्याला रोज कोंडी होते, आणि त्यानं बाकीचे दहा टेम्पो एक्सप्रेसवेनं वळवले. कोंडी बघायला आमचे श्रीयश साहेब स्वतः फाट्यावर आले. रस्ता मोकळा, आणि झाडाखाली मी, टेम्पोच्या आरशात भांग पाडताना. साहेबांनी चावी काढून घेतली. मी तापलो. म्हटलं, तुमचं मशीनच अडाणी, माणूस का थांबला ते त्याला कळत नाही! साहेबांना मात्र लगेच कळलं. त्यांनी प्रतीक्षालाच फोन लावला, तोही स्पीकरवर.

नोकरी गेल्यातच जमा होती. तेवढ्यात फाट्यावर तांदळाची पोती घेऊन बसलेल्या कार्ल्याच्या शेतकरीण नंदाबाई उठून आल्या. "सायेब, पोराला बोलू नगा. ह्यो हितं थांबतो म्हून माजा तांदूळ लोणावळ्याला जातो. न्हाईतर आमी पोती घिऊन यष्टीची वाट बघायचो." (म्हणजे फुकटचं थांबणं हा एक गुन्हा, आणि परवानगीशिवाय माल नेणं हा दुसरा. दोन्ही एका दमात उघड.) साहेब तोंड उघडणार, तर स्पीकरमधून प्रतीक्षा म्हणाली, "सर, हॉटेलवाले इथला इंद्रायणी तांदूळच मागतात आणि आपण तो कुठून कुठून आणतो. फाट्यालाच थांबा करूया ना."

साहेबांनी पोती मोजली आणि चावी परत दिली. आज कार्ल्याच्या नऊ बायका मोबाईलवर पोती नोंदवतात आणि कुणाच्या शेतातला तांदूळ ते हॉटेलला पडद्यावर दिसतं. पण मामा, माझा घात झाला. थांबा मंजूर, म्हणून तिथं माझा ठिपका लाल होत नाही. आणि ठिपका लाल होत नाही, म्हणून तिचा फोन येत नाही.

मामींना नमस्कार, पिंकीला गोड पापा.

तुमचा भाचा,
समर्थ

ता. क. : खरं काम हे, की रविवारी तळेगावला तिच्या वडिलांकडं माझ्यासाठी शब्द टाकायला या. गंगाधरराव शाळामास्तर आहेत, जरा हळू बोला.

ता. क. २ : प्रतीक्षाला मी अजून विचारलेलं नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायच्या आधी विचारलं. म्हणाली, "मामांना खुशाल बोलाव. पण मुक्त विद्यापीठाचा फॉर्म मी आणून ठेवलाय, आधी तो भर." तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवलेली माझी बारावीची मार्कलिस्ट त्याला लागते, आणि शेवटची तारीख शुक्रवार. तेव्हा तुम्ही रविवारी सावकाश या. मार्कलिस्ट मात्र उद्याच पाठवा.