ताई स्की शिकते

फ्रोया बेट,
१२ नोव्हेंबर १९७४

चि. हालवोर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

बातमी आहे, पण वाचून हसायचं नाही. येत्या फेब्रुवारीत ओप्दालला आठ दिवसांचा स्कीचा वर्ग आहे, त्यात मी नाव घातलंय. डोंगरावरून सुसाट खाली सुटायचा नव्हे, तुमचा तो रानातून आणि गोठलेल्या तळ्यांवरून मैलोन्‌मैल चालत जायचा. 'नवशिक्यांसाठी' असं जाहिरातीत छापलं होतं. फोनवरच्या मुलीनं विचारलं, नातवाचं वय काय? मी म्हटलं, मीच येणार आहे, वय एकसष्ट. पोरीनं आकडा दोनदा विचारून मगच लिहून घेतला.

आपल्या बेटावर मंगळवारी पडलेला बर्फ बुधवारी पावसात वाहून जातो. अख्खा देश स्कीवर चालायला शिकला आणि आपण दोघं होडी वल्हवायला. तू निदान व्हाल्द्रेसच्या डोंगरातली बायको करून सुधारलास. मी एक्कावन्न साली ईस्टरला आले, तेव्हा तू मला घसरगाडीवर बसवून तुमच्या डोंगरातल्या खोपटापर्यंत ओढत नेलंस. बटाट्यांचं पोतं आणि रॉकेलचा डबा यांच्या मधोमध.

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून वेळच वेळ आहे. तेव्हा तयारी काय करायची, ते नीट लिही. चेष्टा शेवटच्या परिच्छेदात चालेल.

तोरुनला आशीर्वाद. तुम्हा दोघांची आठवण रोज असतेच, ती तशीच ठेवून पुरे करते.

तुझी ताई,
बोर्गहिल


व्हाल्द्रेस,
२३ नोव्हेंबर १९७४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र तोरुननं मोठ्यानं वाचलं. ती हसली, मी नाही. मी खोकलो.

आता ऐक. रोज अर्धा तास दोन काठ्या घेऊन चर्चमागच्या चढावर जायचं. लोक काय म्हणतील याची काळजी करू नकोस, ते म्हणतीलच. दात घासताना एका पायावर उभी राहा, सकाळी डाव्या, संध्याकाळी उजव्या. पडायचाही सराव कर. गादी जमिनीवर टाक, कुशीवर पड, दोन्ही पाय एका बाजूला गोळा कर, आधी गुडघ्यांवर ये, मग उभी राहा. पडणं सगळ्यांना येतं, उठणं शिकावं लागतं.

अंगाला लागून लोकरच हवी. सुती काहीही नको, एकदा घाम आला की ते दिवसभर ओलं राहतं. नव्या स्की विकत घेऊ नकोस. तोरुनच्या बर्चच्या लाकडाच्या पाठवतोय. लाकूड ओलं होऊ नये म्हणून खालून नवं डांबर तापवून मुरवलंय, हात फिरवून बघ, कुठे खडबडीत लागणार नाही. स्कीच्या तळाला लावायच्या मेणाच्या दोन डब्या आहेत, निळी कडक थंडीची, तांबडी ओल्या बर्फाची. आकाशाकडे बघून ठरवू नकोस, बर्फ मुठीत घेऊन ठरव.

शिकवायला मीच आलो असतो, पण यंदा गुडघा कुरकुरतोय. माझ्या स्की भिंतीवर टांगल्या आहेत. अक्षर उतरणीला लागलंय, ते टेबल वाकडं असल्यामुळे.

चेष्टा राहिली. पुढच्या पत्रात दुप्पट करीन, तोवर लोभात काटकसर करू नकोस.

तुझा,
हालवोर


व्हाल्द्रेस,
५ डिसेंबर १९७४

ती. वन्संना, शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी दुकानात जाते म्हणून सांगून पोस्टात बसून लिहितेय. सप्टेंबरात तुम्हाला चोरून फोन केला, तेव्हा फक्त मन मोकळं करायचं होतं. त्यातून तुम्ही स्कीच्या वर्गाला नाव घालाल, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

ह्यांच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. मागच्या महिन्यात ओस्लोच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं पुन्हा तेच सांगितलं. कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील. आताच समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना पांढरा ठिपका दिसतो. गावात कुणाला सांगायचं नाही, अशी मला तंबी आहे. तुम्हाला तर मुळीच नाही.

आंधळी माणसंसुद्धा स्कीवर जातात, कुणीतरी पुढे चालून आवाज देत राहतं, असं पेपरात आलं होतं. मी ते पान वाचून दाखवलं. त्यांनी ते घडी करून शेगडीत घातलं. माझं कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून मी तर जाऊच शकत नाही. शेजारच्या एम्ब्रिकला विचारू का म्हटलं, तर म्हणाले, गावासमोर मला दावणीला बांधून नेणार का? रविवारी खिडकीशी बसून असतात. बाहेरून लोक सरकत जातात, त्यांचे आवाज ऐकतात.

पण वन्सं, तुमच्या स्कीला डांबर लावताना दोन दिवस शेडमध्ये शीळ घालत होते. उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच.

पडून हाडं मोडून घेऊ नका. आमच्यावर छाया असू द्या, आणि हे पत्र चुलीत टाका.

तुमची,
तोरुन


ओप्दाल,
१६ फेब्रुवारी १९७५

चि. हालवोर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

वर्गात आम्ही सात जण. एक डॅनिश दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको, स्ताव्हांगरचे एक पाद्री, तीन नर्सा आणि मी. शिकवणारी सिन्नोवे तेवीस वर्षांची आहे. पहिल्या दिवशी मी चौदा वेळा पडले. पाद्रीबुवा सतरा वेळा, पण ते दर वेळी देवाचं नाव घेत होते आणि मी घेत होते ते नाव इथे लिहिण्यासारखं नाही.

तुझा गादीवरचा सराव निम्माच उपयोगी पडला, कारण गादीत माणूस कंबरेपर्यंत बुडत नाही. एका पायावर उभं राहणं मात्र सोन्यासारखं कामी आलं. सिन्नोवे म्हणाली, आजी, तुमचा तोल चांगला आहे, फक्त तुमचा त्याच्यावर विश्वास नाही. तिसऱ्या दिवशी घरी जायची पिशवी भरली होती. मग परत सोडली.

पाचव्या दिवशी काय झालं कोण जाणे. मी पाऊल टाकलं आणि पाऊल थांबलंच नाही, आपणहून पुढे गेलं. मग दुसरं. होडीला वाऱ्यानं हात लावावा तसं. तुम्ही लोक इतकी वर्षं हे एकटेच खात होतात आणि त्या ईस्टरला मला कॉफी करायला खोपटात बसवलंत, याचा मला राग आला.

काल सहा किलोमीटर गेले. ईस्टरच्या आठवड्यात तुमच्याकडे येते. गुडघ्याला झेपेल तेवढं तळ्यावर जाऊन येऊ.

तोपर्यंत बहिणीचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

तुझी ताई,
बोर्गहिल


व्हाल्द्रेस,
१ मार्च १९७५

ती. ताईस, सा. न.

चाळीस वर्षं पोस्टात नोकरी केलेली बाई, जिचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक, ती एकाएकी जाड काळ्या शाईनं हेरिंग माशाएवढी अक्षरं काढून पत्र लिहिते. तुला काय वाटलं, मला कळणार नाही? तोरुनला विचारलं. ती रडली, म्हणजे मला उत्तर मिळालं.

तू माझ्या दयेपोटी या वयात बर्फात चौदा वेळा पडलीस, हे मला आवडलेलं नाही. मी पस्तीस वर्षं या खोऱ्यात सगळ्यांच्या पुढे चाललोय. आता बहिणीच्या पाठीमागे हाका ऐकत जाणार नाही. ईस्टरला ये, जेव, पत्ते खेळ. स्की आणू नकोस.

राग उतरेल तेव्हा उतरेल. माया आहे तिथेच आहे.

हालवोर


फ्रोया बेट,
९ मार्च १९७५

चि. हालवोर यास अनेक आशीर्वाद.

एक्कावन्न साली तू मला घसरगाडीवरून ओढलंस, तेव्हा वाटेत तुझ्या गावची माणसं उभी होती. कुणी हसलं नाही, पण मला वाटलं सगळे हसले. त्यानंतर दर ईस्टरला तू बोलावलंस आणि दर वर्षी मी काहीतरी कारण लिहून कळवलं. कधी सर्दी, कधी पोस्टात माणूस कमी. तुला खरं कारण कधी सांगितलं नाही. तेवीस ईस्टर, हालवोर. आई-बाबांनंतर आपण दोघंच, आणि मी तेवीस ईस्टर लाजेपायी घरात बसून काढले.

तू एकच हिवाळा बसलायस. तेवढ्यावर थांब.

दयेचं म्हणशील तर पहिले चार दिवस होती. पाचव्या दिवसापासून मी माझ्यासाठी जातेय. स्की आणणार आहे. तू नाही आलास तर मी एकटी तळ्यावर जाईन आणि मला परतीची वाट सापडणार नाही.

आशीर्वाद तुला नको असले तरी पाठवलेत.

तुझी ताई,
बोर्गहिल


व्हाल्द्रेस,
१० एप्रिल १९७५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र तोरुन लिहितेय, मी सांगतोय. मध्ये मध्ये ती स्वतःचं घालतेय असा मला संशय आहे.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. तू एकटी हरवू नयेस म्हणून ईस्टरला तुझ्याबरोबर तळ्यावर आलो, पण सांगायचं राहिलं ते आता सांगतो. आधीचे दोन महिने मी घरातसुद्धा भिंतीला हात लावून चालत होतो. तळ्यावर तुझ्या हाकांमागे पहिली शंभर पावलं टाकली तेव्हा प्रत्येक पावलाआधी काठीनं चाचपत होतो. मग स्की आपोआप घसरायला लागल्या. कडेनं रानाची काळी रेघ सरकत होती, मध्ये फक्त तुझा आवाज. तू घाबरून डाव्याला उजवं म्हणत होतीस, ते मला तिसऱ्या वळणावर कळलं. मग मी तू सांगशील त्याच्या उलट वळत गेलो आणि सगळं सुरळीत झालं.

मधोमध तू पडलीस, मी तुझ्यावर पडलो, आणि नेमका एम्ब्रिक चर्चच्या मंडळींना घेऊन तिथून चाललेला. त्यानं लागलं का विचारलं. मी तुझ्या पाठीवरूनच सांगितलं, की मला दिसत नाही, ही माझी बहीण मला वाट दाखवतेय आणि तिला ते येत नाही. इतके महिने जे जिभेवर येत नव्हतं, ते असं बर्फात पालथा पडून बाहेर पडलं.

पुढचं तुला माहीत नाही. मंगळवारी एम्ब्रिक घरी आला. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला. म्हणाला, तुझ्या डोळ्यांचं मला गेल्या वर्षीच कळलं होतं. ताई, तुला मी सांगितलं नव्हतं, पण गेल्या हिवाळ्यात हा माणूस दर रविवारी माझ्या पुढे चालत बडबडत असायचा. इथे दगड आहे, इथे वळण आहे, इथे बर्फ कडक आहे. तीस वर्षांत ज्यानं हवेबद्दलसुद्धा दहा शब्द काढले नाहीत, तो. मला वाटलं याचं डोकं फिरलं. वैतागून मी त्याच्याबरोबर जायचंच बंद केलं. त्याला वाटलं, बडबडीमागचं कारण मला कळलं आणि मला अपमान वाटला, म्हणून तो गप्प बसला. यंदाचा सगळा हिवाळा मी माझ्या खिडकीत आणि तो त्याच्या.

काल आम्ही वर रानात गेलो. तिथे अजून भरपूर बर्फ आहे. अकरा किलोमीटर, आणि तो अकराही किलोमीटर बोलत होता. फाटकाशी पोचलो तेव्हा त्याचा घसा बसला होता. त्यानं माझ्या खांद्यावरचा बर्फ झटकला आणि म्हणाला, आता रविवारपर्यंत मला काही विचारू नकोस.

आमच्यावरची तुझी माया अशीच पुढे चालत राहो, आम्ही मागून येतोच आहोत.

तुझा,
हालवोर