पान दोनशे तीनचं शुद्धिपत्र

प्रिय चिमणे,

तुझ्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत काल पोचली. आत तुझी चिठ्ठी होती, ‘ताई, वाचून मोकळेपणाने मत कळव.’ बत्तीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. राण्यांवरची तुझी सातही पुस्तकं आणि ही कादंबरी सगळ्यांच्या आधी माझ्या टेबलावरून गेली. दर वेळी तू हेच विचारलंस आणि दर वेळी मी ‘छान झालंय’ म्हणाले. आज मोकळेपणाने कळवते. पण आधी बातमी. आईच्या हृदयाचे ठोके मधूनच थांबतात. पंधरा दिवसांत ती दोनदा पडली, एकदा न्हाणीघरात आणि एकदा जिन्याच्या तोंडाशी. पेसमेकर बसवायला हवा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शुक्रवार सकाळची वेळही दिली आहे. आई संमतीच्या कागदावर सही करत नाही. फोनवर हे सांगितलं असतं तर तू ‘अगं बाई गं’ म्हणून रडायला लागली असतीस आणि मी तुझीच समजूत काढत बसले असते. म्हणून पत्र लिहितेय. कुरियरने उद्या दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल.

आता मत. तुझी प्रत्येक राणी पहिल्याच प्रकरणात खिडकीशी उभी राहते. बाहेर पहाट असते, डोळ्यांत पाणी असतं आणि तिच्या मनात काय चाललंय ते तुला इतकं तपशीलवार ठाऊक असतं, की जणू तू तिच्या अंबाड्यात बसून ऐकत होतीस. त्या काळी राजवाड्यांना भिंती नव्हत्या, नुसत्या खिडक्याच होत्या, असं वाचणाऱ्याला वाटावं. तुझ्या एकाही राणीला कधी भूक लागत नाही. एकही कुणावर खेकसत नाही. सासू मात्र प्रत्येकीची दुष्ट. एक सासू चांगली निघाली असती तर पुस्तकाचं काय बिघडलं असतं गं? आणि मरताना! जिला धाप लागली आहे ती बाई सव्वा पान बोलते, तेही उपदेश. मी ती पानं तपासायची तेव्हा मलाच दम लागायचा.

चौथ्या राणीच्या पुस्तकाचा राग मला अजून आहे. तिची खरी पत्रं तू मिळवली होतीस. त्यांच्या नकला करायला मीच तुझ्याबरोबर बसले होते, आठवतं? त्या थंडगार दफ्तरखान्यात, हातमोज्यांची बोटं कापून. काय बाई होती! अकरा वर्षं तिची दाढ दुखत होती. प्रत्येक पत्रात दाढ. मुलाला लिहिते, गादी सांभाळशील तेव्हा सांभाळशील, आधी माझी शाल परत पाठव. कारभाऱ्याला लिहिते, तुमचा हिशेब तुमच्या मिशांसारखा आहे, एक बाजू मोठी. आपण दोघी हसून हसून बेजार झालो आणि तिथला शिपाई ‘शू’ करत आला. पुस्तकात त्यातलं काही नाही. मी विचारलं, तर तू म्हणालीस, ‘ताई, त्याने ती छोटी दिसते.’ वैद्यांना अकरा वर्षांत जमलं नाही ते तू एका फटक्यात केलंस. दाढ काढून टाकलीस. दाढेबरोबर बाईही गेली.

दासींबद्दल तर बोलायलाच नको. पाचवीच्या केसांना चाळीस वर्षं तेल लावणारी बाई तुझ्या तीनशे पानांत ‘एक विश्वासू दासी’ म्हणून दोनदा येते. दोन्ही वेळा दार उघडायला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कारण मग आलं आपल्या घरावरचं पुस्तक, ही कादंबरी. त्यातली थोरली मुलगी मी नऊ वेळा मोजली. सहा वेळा ती दार उघडते, दोनदा चहा ठेवते आणि एकदा पान एकशे बारावर ‘तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही’. असू दे. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. खोटं सांगत नाही, दोन दिवसच वाटलं. माझी तक्रार आईची आहे. त्या पुस्तकातली आई कोण आहे, चिमणे? गप्प बसणारी, पदराने डोळे टिपणारी, खिडकीशी उभी राहणारी? ही तुझी आठवी राणी आहे. आपली आई टेलिफोन कचेरीत होती. दिवसभर कानाला यंत्र लावून शंभर माणसांना ‘मोठ्याने बोला’ असं मोठ्याने सांगायची आणि घरी येऊन त्याच आवाजात आपल्याला जेवायला हाक मारायची. समोरच्या इमारतीतली मुलंसुद्धा हात धुवायची.

आपल्या कॉन्व्हेंट शाळेतलं नाटक आठव. आपण पलंगावरच्या चादरीचे झगे करून खेळायचो, तू राणी आणि मी मागे चादर धरून चालणारी. म्हणून नाटकातही राणी आपणच होणार, अशी तुझी खात्री होती. सिस्टरनी तुला झाड केलं. तू घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडलीस. दुसऱ्या दिवशी आई कामावरच्या पोशाखातच शाळेत आली. त्या लांबलचक, फरशी पुसून चकचकीत केलेल्या व्हरांड्यात, जिथे आपण चवड्यांवर चालायचो, तिथे तिचा आवाज घुमला. ‘सिस्टर, माझ्या मुलीला झाड केलंत? तिला दोन मिनिटं गप्प उभं राहता येत नाही, ती झाड कसली होतेय! तुमचंच नाटक पडेल.’ सिस्टर इतक्या हसल्या, की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. तुला दोन वाक्यांची दूती मिळाली. मी वर्गाच्या दारातून बघत होते, लाजेने कानशिलं तापली होती, आणि तरी वाटत होतं, माझ्यासाठीही हिने कधीतरी असंच यावं. तुझ्या पुस्तकात काय आहे? ‘आईने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि ती किती तरी वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली.’ आपल्या त्या खिडकीबाहेर पाण्याची टाकी होती, चिमणे. किती वेळ पाहणार?

आणि आता पान दोनशे तीन. आई आजारी पडते, डॉक्टर ऑपरेशन करू म्हणतात आणि ती म्हणते, ‘माझ्या वाट्याचं जगून झालं. आता मुलींच्या वाट्याचं मला नको.’ मग पुढची सात पानं ती मरते. धाकटीच्या मांडीवर डोकं ठेवून.

अकरा वर्षांपूर्वी आईच्या पोटातली गाठ काढली, तेव्हा तू पाचव्या राणीच्या प्रकाशनाच्या दौऱ्यावर होतीस. त्या सकाळी खरं काय झालं ते ऐक. स्ट्रेचरवरून आत नेताना आईने डॉक्टरांची बाही धरली आणि म्हणाली, ‘अहो, नीट कापा. मला अजून पुष्कळ जगायचंय. आणि ते मागे जांभया देताहेत, त्यांना आत घेऊ नका.’ जांभया देणारे भूल देणारे डॉक्टर होते. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, ‘चिमणी आली?’ दुसरा, ‘माझा चष्मा कुठे टाकलास?’

तर मग ‘माझ्या वाट्याचं जगून झालं’ हे कुठून आलं? तू विसरली असशील. आदल्या संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्याखालून मी तुला फोन केला होता. तू म्हणालीस, दोन कार्यक्रम राहिलेत, आई खंबीर आहे. तेव्हा मी सांगितलं, ती खचली आहे, ऑपरेशन नको म्हणते. आणि हे वाक्य तिच्या तोंडी घालून तुला ऐकवलं. माझं वाक्य आहे ते. तू यावंस म्हणून मी खोटं बोलले. तू आली नाहीस. वाक्य तेवढं घेऊन गेलीस.

आणि कादंबरीच्या मुद्रितात ते मला दिसलं. जुळणी करणाऱ्याच्या चुकीने लागोपाठ दोनदा पडलं होतं. मी त्यातलं एक खोडलं आणि समासात ‘एकदा पुरे’ असं लिहिलं. बत्तीस वर्षांची सवय. शब्द जागेवर आहेत ना ते बघायचं, खरे आहेत का ते विचारायचं नाही. शिवाय खरं सांगू? आपलं एक वाक्य छापून येतंय, याचं मला बरं वाटलं. नऊ वेळांत न बोललेल्या थोरलीचं एक वाक्य.

पुस्तक गाजलं. वाचकमंडळाच्या बायका आईला भेटायला यायला लागल्या. तिचा हात हातात घेऊन रडायच्या. ‘तुम्हीच ना त्या!’ पुस्तकातली आई मेलेली आहे, हे त्यांना अडचणीचं वाटत नाही, आईलाही नाही. सुरुवातीला त्या गेल्यावर ती खुदुखुदु हसायची. ‘मी म्हणे गप्प बसायची! चिमणीने दुसऱ्याच कुणाच्या आईवर लिहिलंय.’ मग हळूहळू हसणं थांबलं. तिची खुर्ची तीस वर्षं दाराकडे तोंड करून होती, कोण येतंय जातंय ते कळायला हवं म्हणून. एके दिवशी ती तिने खिडकीकडे फिरवून घेतली. हळू बोलायला लागली. इतकं हळू, की मला ‘काय?’ असं विचारावं लागतं. आईला, चिमणे, ‘मोठ्याने बोल’ म्हणावं लागतं.

गेल्या गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी समजावलं, ‘आजी, तासाभराचं काम आहे. नाहीतर कधी पडाल नेम नाही.’ आईने हात जोडले आणि पान दोनशे तीन म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. नर्सने पुस्तक वाचलेलं होतं, ती डोळे पुसत बाहेर गेली. परत आली ती स्वतःची प्रत घेऊन. आईने त्यावर झोकात सही केली. संमतीचा कागद शेजारीच पडला होता.

घरी आल्यावर मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. पुस्तक आपटलं. म्हटलं, हे सगळं खोटं आहे, तू अशी नव्हतीस, तुला जगायचं असतं. तिने पुस्तक उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, ‘तुला नाही कळायचं. चिमणीला अशी आई हवी होती. मला काय माहीत? ती कधी बोललीच नाही. आता कळलंय, तर शेवटी शेवटी तेवढं तरी जमवू दे मला.’ मी सांगितलं, अगं, ते वाक्य चिमणीचंसुद्धा नाही, माझं आहे. फोनचीही सगळी हकिगत सांगितली. ती गालांत हसली आणि माझा हात थोपटला. पुस्तकातल्यासारखा. म्हणाली, ‘तुला असं कुठलं सुचायला, बाळा.’

मग मी एक वेडेपणा केला. छापखान्यात एखादी मोठी चूक राहून गेली की आम्ही शुद्धिपत्र छापतो. पुस्तकात चिकटवायची छोटीशी पट्टी. मी तशी पट्टी केली, तुझ्या अक्षराची नक्कल करून. ‘पान २०३. येथे आईने नकार दिल्याचे छापले आहे. ती माझी चूक आहे. आईने होकार दिला व ती पुढे पुष्कळ जगली, असे वाचावे.’ खाली तुझं नाव. खळ लावून पानावर बसवली आणि तिच्यासमोर धरली, चिमणीने पाठवलंय म्हणून. तिने भिंगाने दोनदा वाचली. मग नखाने कडेपासून सोलून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. ‘अक्षर छान जमलंय तुला,’ ती म्हणाली. ‘पण हे चिमणीचं नाही. माझी चूक, असं ती कधी लिहीत नाही.’

ती पट्टी या पत्राला टाचली आहे. मत कळव म्हणाली होतीस ना, तेच माझं मत. पण हे पत्र मी मत कळवायला लिहिलेलं नाही. त्या पट्टीवरचं तू तुझ्या तोंडाने आईला सांगावंस, म्हणून लिहिलंय. फोनवर नको. शंभर लोकांचे आवाज ओळखून पोट भरलेली बाई आहे ती, गोड आवाज तिला लांबूनही कळतो. परवा ये. गुरुवारी दुपारी. फोटोवाला आणू नकोस. खिडकीशी उभी राहू नकोस, तिच्या समोर बस आणि सांग, की तुला ती गप्प बाई नको आहे, शाळेच्या व्हरांड्यात ओरडणारी हवी आहे. पुस्तक चुकलं म्हण. मी खोटं बोलले होते, तेही तिला सांग, तुझ्याकडून तिला खरं वाटेल. आधी ती हळू बोलेल, हसेल, तुझ्या केसांवरून हात फिरवेल. फसू नकोस. बोलत राहा. कधीतरी तिचा ताबा सुटेल आणि ती विचारेल, चार वर्षांत दोनदा येतेस, तेही एका दिवसासाठी, आणि वर मला मारून टाकतेस? ओरडू दे तिला. समोरच्या इमारतीत ऐकू जाईल इतकं ओरडू दे. मी कागद आणि पेन घेऊन दाराशी उभी असेन.

तुझीच,
दार उघडणारी,
ताई