बाबांची दाढी

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोन केला असता तर मी नेहमीसारखी गोड गोड बोलून वेळ मारून नेली असती, म्हणून कागद घेतला.

मी पॉडकास्ट करायला शिकतेय, हे ऐकून तू म्हणाली होतीस, इतकी वर्षं आमचे कान खाल्लेस, आता माइकचे खा. तर तो माइक कपड्यांच्या कपाटात आहे. आवाज घुमू नये म्हणून मी रजई पांघरून आत बसते, आणि बाहेरून आई विचारते, कपाटात कोण बोलतंय गं? आमच्या शिकवणाऱ्या बाई भारी कडक. गोष्ट आधी लिहायची, मग मोठ्यानं वाचायची, आणि जिथे जीभ अडखळेल ते वाक्य सरळ कापायचं. माझ्या पहिल्या तीन गोष्टी ऐकून म्हणाल्या, छान आहे, पण यात तुमचा जीव कुठे आहे?

असा राग आला म्हणून सांगू! घरी येऊन बाबांच्या शेवटच्या आठवड्यातली दाढीची गोष्ट लिहिली. हॉस्पिटलात तू त्यांची दाढी करत होतीस, सवय नव्हती, फेस त्यांच्या कानात गेला, आणि ते म्हणाले, न्हाव्याला बोलाव बाई, मला अजून जगायचंय. दोघं खो खो हसलात. मला हे तूच फोनवर सांगितलंस. मी तेव्हा ट्रेनिंगच्या हॉस्टेलवर होते, परीक्षा संपवून येते म्हणाले होते. आले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

गोष्टीत एक वाक्य होतं, 'मी तिथे नव्हते, ताई होती.' तीनदा वाचलं, तीनदा जीभ अडखळली. कापलं. मग दाढी कोण करतंय हे गोष्टीत कुठेच उरलं नाही, आणि ती आपोआप माझी झाली. बाईंनी डोळे पुसले. भाग नेटवर टाकला, तर अनोळखी माणसांनी कळवलं, मुलगी असावी तर अशी. आणि ताई, मी सगळ्यांना धन्यवाद म्हटलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

आई रोज जेवण झालं की तो भाग लावायची. मला वाटायचं, लेकीचं कौतुक. तिचं विसरणं किती वाढलंय ते तुला ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात माझे हात धरून म्हणाली, तू होतीस म्हणून ते हसत गेले. पुढे म्हणाली, थोरली आली नव्हती ना गं? असेल काहीतरी काम तिला. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी विचारलं, चहा टाकू का?

लाज वाटली. तो भाग काढून टाकला, ते वाक्य घालून पुन्हा रेकॉर्ड केला आणि आईला शेजारी बसवून ऐकवला. शेवटपर्यंत ऐकलं तिनं. मग म्हणाली, ही दुसऱ्याच कुणाची तरी दिसतेय, तुझीच चांगली होती.

मी रोज सांगतेय तिला. मान डोलावते आणि विसरते. रविवारी ती तुझ्याकडे राहायला येतेय. पाणी पिऊन झालं की बहुतेक विचारेल, अगदी मायेनं विचारेल, की बाबांच्या वेळी तू का आली नाहीस. तिच्यावर चिडू नकोस ताई. ते तिला मी शिकवलंय.

तुझीच,
बडबडी