चारही अटी एकदम

सोम., १३ जाने.
रिपोर्ट झाला एकदाचा. कानात मशीन बसवायच्या ऑपरेशनसाठी ट्रस्टकडे नाव नोंदवलेली सगळी मुलं आता एका स्क्रीनवर. अटी चार: वय पाचच्या आत, दोन्ही कान जवळपास बंद, घरचं उत्पन्न कमी, आणि घर आपल्या शिकवणी केंद्रापासून तासाभरात. मध्ये ‘किंवा’ टाकलं तर यादी संपत नाही. ‘आणि’ टाकलं की मूठभर नावं उरतात. डॉक्टरसर खूश. मीपण.

शुक्र., १७ जाने.
सुरगाण्याकडची हिराबाई आली, लेक सुमनला घेऊन. बाहेर कुणाच्या तरी हातून स्टीलचं ताट पडलं. सगळे दचकले, पोर तशीच खिडकीबाहेर बघत. यादीत नाव नाही. तीन अटी बसतात, अंतर बसत नाही.
सरांना विचारलं. “ऑपरेशननंतर आठवड्यातून दोनदा ऐकण्या-बोलण्याची शिकवणी, तीपण वर्षानुवर्षं. ती झाली नाही तर मशीन डोक्यात नुसतं बसून राहतं.” खरं आहे. त्यांचं खरं असतं, तेच जड जातं.
हिराबाई : “लांब राहतो म्हणून नाय?”
मी हो म्हणाले.

सोम., १० फेब्रु.
हिराबाई पत्र्याची पेटी घेऊन हजर! पेठ रोडला खोली घेतलीय. नवरा आणि थोरला मुलगा गावीच, गुरं आहेत. ही द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडं जाते, सुमन शेजारणीकडं. “आता जवळ आलो ना, बाई?”
नुसतं सांगून पत्ता बदलता येत नाही. भाडेकरार लागेल म्हटलं.

सोम., २४ फेब्रु.
तिच्याबरोबर घरमालकाकडं गेले. “म्याडम, ही लोकं द्राक्षं संपली की जातात. करार कशाला?” पुण्याला मुलाकडं निघाला होता. आल्यावर बघू म्हणे. हिराबाई उंबऱ्याबाहेरच उभी.

मंगळ., ११ मार्च
करार मिळाला. सकाळी पत्ता भरला, रिपोर्ट रिफ्रेश केला. नाव नाही. वाटलं, माझंच काही चुकलं. एकेक अट काढून बघितली. अंतर बरोबर. उत्पन्न बरोबर. कान बरोबर. वय.
शनिवारी पाच पूर्ण झाली.
पाचच्या जागी सहा टाकून बघितलं. सुमन आली. तिच्यासोबत निफाडचा जुळ्यांतला एक, वणीची मुलगी, अजून कितीतरी. या सगळ्यांच्या आईबापांना मीच फोनवर नाही म्हटलंय.
परत पाच केलं.

बुध., १२ मार्च
सर : “वयाची अट का आहे, तुला माहितीय. मेंदू आवाजाची वाट बघायचं सोडून देतो.”
“वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सोडतो का, सर?”
चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, समितीपुढं ठेव, अपवाद म्हणून. मी बोलतो, पण शब्द देत नाही.
दुपारी हिराबाईला सांगितलं. रडेल वाटलं होतं. रडली नाही.
“दोन्ही एकदम लागतं, हे तवाच का नाय सांगितलं? मी त्या मालकाच्या दारात बसून राहिले असते.”
जानेवारीत जे अडत होतं तेवढंच सांगितलं. बाकीचं बसत होतं ना तेव्हा.

गुरु., २० मार्च
रिपोर्टात एक रकाना वाढवला : वयाची अट संपायला किती दिवस उरले. शेवटाला आलेली नावं लाल दिसतात. आज सकाळपासून त्यांनाच फोन. सिन्नरचा एक बाप म्हणाला, आधी का नाही कळवलं. सुमनचा रकाना रिकामाच येतो.


मंगळ., २५ मार्च
द्राक्षं संपली. हिराबाई गेली नाही. एका मेसमध्ये भांड्याचं काम धरलंय. समितीचं काही ठरो, शिकवणीला मात्र सुमनला आणते. तिला श्रवणयंत्र लावून केंद्रातल्या बाई शिकवतात. बोलणाऱ्याच्या गळ्यावर हात ठेवायचा, आवाज हाताला लागतो.
आज मी दारातून डोकावले तर सुमन उठून आली. मला खाली ओढलं, माझ्या गळ्यावर तळवा ठेवला आणि तोंडाकडं बघत राहिली. हात गार होता. तिचंच नाव घेतलं. हात काढेना, म्हणून परत घेतलं.
हिराबाई भिंतीला टेकून बघत होती. “शुक्रवारी कळंल ना, बाई?”
शुक्रवारी समितीची बैठक आहे, एवढंच मी म्हणाले.